वासाचा तास

शाळेतली मुलं त्यांना नाकबाई म्हणत. तोंडावर अर्थातच नाही, पाठीमागे. पण पाठीमागे इतक्या मोकळ्या गळ्याने, की ते तोंडावर म्हटल्यासारखंच व्हायचं. ज्या मुलांनी हे नाव ठेवलं ती आता स्वतः पोराबाळांची झाली, तरी नाव मात्र मोठ्या भावाचा शर्ट धाकट्याला यावा तसं वर्षानुवर्षं खालच्या वर्गांकडे येत राहिलं.

नाक दिसायला चारचौघांसारखंच होतं, चष्म्याच्या भाराने जरासं दबलेलं. त्याची कर्तबगारी वेगळी. बाई वर्गात शिरताना दारातच थबकायच्या, मान किंचित वर करायच्या आणि निकाल द्यायच्या.

"खिडकीजवळ कुणीतरी मधली सुट्टी व्हायच्या आधीच अंडं खाल्लंय."

"नाही बाई!"

"बरं. मग अंड्याने तुला खाल्लं असेल. ओठ पूस."

जिन्याखाली चोरून सिगारेट ओढून, वर पेपरमिंट चघळत येणारी मोठी मुलं तर त्यांच्यासमोरून जाताना श्वास धरून जायची. बाई शांतपणे म्हणायच्या, "आधी धूर, मग पेपरमिंट, आणि आता भीतीचा घाम. क्रम बरोबर आहे ना?"

त्या रसायनशास्त्र शिकवायच्या, आणि पुस्तक सगळ्यांत शेवटी उघडायच्या. तास सुरू व्हायचा तो पिशवीतून काहीतरी काढून. चिरून ठेवलेलं सफरचंद: ही फोड काळी पडली, ही लिंबू चोळलेली पांढरी राहिली, का? गंजलेली कडी. जळालेला पाव. एकदा घरची चहाची किटलीच घेऊन आल्या आणि आतला पांढरा थर चमच्याने खरवडून टेबलावर ठेवला.

"हे काय आहे?"

"घाण, बाई!"

"घाण हे नाव नाही, मत आहे. काय आहे?"

थरावर व्हिनेगरचे थेंब पडले, फसफस बुडबुडे आले, आणि वर्ग माना लांब करून बघत राहिला. त्यानंतर बाई खडू उचलायच्या. सूत्र फळ्यावर यायचं तेव्हा मुलांना ते ओळखीच्या माणसासारखं वाटायचं.

एक गोष्ट मात्र त्या कुणाचंही न ऐकता करत. प्रयोगाच्या बाटल्यांवर आणि बीकरवर त्या तासाआधी लेबल लावू द्यायच्या नाहीत. प्रयोगशाळेचे मदतनीस, ज्यांना अख्खी शाळा मामा म्हणायची, यावरून दर वर्षी कुरकुरत.

"बाई, कधीतरी घोटाळा होईल हो."

"अहो मामा, लेबल म्हणजे दुसऱ्याचं डोकं. ते आधी वाचलं की मुलांचं नाक बंद होतं, डोळे बंद होतात. आधी त्यांना ठरवू दे. मग चिकटवू आपण."

"आणि तुम्हाला कसं कळतं कुठलं कुठलं?"

बाई नुसतं नाकावर बोट ठेवायच्या. मामा हसायचे. विषय संपायचा. अपायकारक बाटल्या अर्थात कपाटात कुलपाआड, नावानिशी. टेबलावर यायचं ते स्वयंपाकघरातलं आणि धुण्याच्या वापरातलं, म्हणजे भीती तशी नव्हतीच.

हे नाक त्यांना वडिलांकडून मिळालं होतं, असं त्या सांगत. वडील रंगारी. घरोघरी भिंती रंगवायचे, आणि संध्याकाळी दार वाजायच्या आधी टर्पेंटाइनचा वास जिना चढून यायचा. बाई तेव्हा लहान. खेळ टाकून धावत सुटायच्या. आई चिडवायची, "बापापेक्षा बापाच्या वासाचा लळा!" रंग पातळ का होतो, वाळला की वास का जातो, गेलेला वास जातो कुठे, हे प्रश्न त्यांनी वडिलांना विचारले तेव्हा त्या साध्या माणसाने खांदे उडवले होते. "मला काय ठाऊक? शिक आणि मला सांग." त्या शिकल्या. सांगायला वडील राहिले नाहीत, म्हणून मग शाळेत सांगत राहिल्या.

आणि मागच्या हिवाळ्यात त्यांना ताप आला.

ताप साधाच होता. आठवडाभर अंथरूण, खोकला, काढा, गोळ्या. उठल्या तेव्हा चहा कागदासारखा लागला. जिभेला साखर कळतेय, पातेलीतून वाफ येतेय, आणि वास नाही. सर्दी असेल म्हणून त्या थांबल्या. सर्दी गेली, वास आला नाही. डॉक्टरांनी नाकात दिवा घालून पाहिलं. म्हणाले, "कधीकधी परत येतो. कधीकधी नाही. सवय करा."

"कशाची?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरात तीन माणसं. बाई, त्यांचा नवरा, आणि नवऱ्याची थोरली बहीण, जिला बाई ताई म्हणत. नवऱ्याची लाँड्री होती, घराच्याच खाली. दिवसभर इस्त्रीची वाफ आणि साबणाचा फेस. ताईंनी लग्न केलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी विचारलंच तर म्हणत, "माझ्या तोंडाला तोंड देईल असा मिळाला नाही." स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होतं.

पहिल्यांदा लक्षात आलं ते ताईंच्याच. त्या बाजारातून परत आल्या तर दूध उतू जाऊन शेगडीवर कोळसा झालेलं, घर धुराने भरलेलं, आणि बाई शेजारच्या खोलीत निवांत पेपर तपासत बसलेल्या.

"अगं बये! आग लागली तरी तुझे मार्क देणं चालूच?"

बाईंनी वर पाहिलं. धूर दिसला. तोपर्यंत दिसला नव्हता. त्यांचा चेहरा असा काही उतरला, की ताईंनी पुढचा टोमणा गिळला आणि मुकाट्याने खिडक्या उघडल्या.

त्यानंतर घरात सगळ्यांना ठाऊक झालं. शाळेत कुणालाच नाही. नवऱ्याने दोनतीनदा विषय काढला.

"अगं, सांगून टाक मोठ्या बाईंना. लॅबमध्ये गॅस असतो. मुलं असतात."

"सांगितलं की लॅब काढून घेतील."

"घेतील तर घेतील."

"अहो, तुमचे हात काढून घेतले आणि म्हटलं, इस्त्री तोंडाने समजावून सांगा, तर?"

बाईंनी आवाज खाली आणला. "मामा आहेत ना लॅबमध्ये. त्यांचं नाक चांगलं आहे. मी शिकवते, ते बघतात. काही होत नाही."

एकदा होता होता राहिलं. मामांनी दुपारी येऊन सांगितलं, मधल्या टेबलाचा गॅसचा नळ जरासा उघडा राहिला होता. "मी आत आलो तर भपकारा! तुम्ही तर तिथेच बसला होतात. तुम्हाला कसा नाही आला?"

"सर्दी आहे मामा."

"अजून सर्दीच? सर्दीने तुमच्याकडे खोलीच भाड्याने घेतलेली दिसते."

बाई हसल्या. घरी आल्यावर त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. फक्त हात धुतले, परत धुतले, आणि मग अंघोळच केली. ही आणखी एक नवी सवय. स्वतःचा वास येत नाही म्हटल्यावर त्यांना सारखं वाटू लागलं, आपल्याला घाण येत असेल. रोज सकाळी त्या नवऱ्यासमोर उभ्या राहायच्या.

"अहो, मला वास येतोय का?"

"नाही गं."

"नक्की?"

"नक्की."

मग त्या शाळेत जायच्या, दारात थबकायच्या, मान वर करायच्या. "कुणीतरी संत्रं सोललंय." मुलं टाळ्या पिटायची. संत्र्याची सालं कचऱ्याच्या डब्यातून दिसत होती, हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही. बाई आता डोळ्यांनी वास घ्यायच्या. कुणाचे ओठ तेलकट, कुणाच्या बोटांना शाई, कुणाची बाटली कुठल्या खणात. सगळं घोकून ठेवलेलं. नटाने ऐकू येत नसताना समोरच्याच्या ओठांवरून वाक्यं उचलावीत, तसं चाललं होतं. दिवस निघत होते.

आणि मग वासाचा तास आला.

हा तास शाळेत प्रसिद्ध होता. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना वर्षभर आधीपासून सांगायची, "थांबा, व्हॅनिला येऊ दे." टेबलावर दोन बीकर. एकात लिंबूसत्व विरघळवलेलं पाणी, म्हणजे आम्ल. दुसऱ्यात नवऱ्याच्या लाँड्रीतला धुण्याचा सोडा विरघळवलेलं पाणी, म्हणजे आम्लारी. दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ, दोन्हीला वास नाही. मग दोन्हींत केकमध्ये घालतात त्या व्हॅनिलाचे थेंब. आम्लात व्हॅनिलाचा वास तसाच दरवळत राहतो. सोड्यात तो नाहीसा होतो. रंग बघून जे कळत नाही ते नाक सांगतं, आणि बाई दर वर्षी इथे थोड्या थांबत. मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटायचं त्यासाठी थांबत.

बीकरवर लेबल अर्थातच नव्हतं. पूर्वी थेंब टाकल्यावर बाई आधी स्वतः वास घेऊन खात्री करत. आता त्यांनी मामांना बजावलं होतं, "सोडा माझ्या डाव्या हाताला. विसरू नका." मामा विसरले नाहीत. त्यांनी ट्रे बरोबर मांडला. फक्त मांडताना ते टेबलाच्या पलीकडून, मुलांच्या बाजूने उभे होते. त्यांचा डावा हात तो बाईंचा उजवा झाला.

वर्ग भरला. बाईंनी थेंब टाकले, डावीकडचा बीकर उचलला, तळहाताने हवा नाकाकडे ओढली आणि डोळे मिटले. ते डोळे मिटणं वर्षानुवर्षांचं होतं, त्यात खोट काढता आली नसती.

"गेला," त्या हळूच म्हणाल्या. "मघाशी बाटलीत होता ना वास? आता बघा. गेला. पुढे द्या."

बीकर पहिल्या बाकाकडे गेला. तिथे एक दोन वेण्यांची मुलगी बसायची. तिचं प्रत्येक वाक्य "पण बाई" असं सुरू व्हायचं, म्हणून वर्गाने तिचं नावच पणबाई ठेवलं होतं. तिने हवा ओढली. पुन्हा ओढली. बाईंकडे पाहिलं.

"काय गं? गेला ना?"

"हो बाई. गेला."

बीकर पुढे सरकला. "गेला, बाई." "अजिबात नाही बाई." "कमाल आहे!" मागच्या बाकावरच्या एका धिप्पाड मुलाने तर नाटकीपणे बीकरच्या आत डोकावून पाहिलं, वास आत कुठे लपलाय का म्हणून, आणि सगळे हसले. बीकर अख्खा वर्ग फिरून टेबलावर आला. एकानेही वेगळं सांगितलं नाही.

"छान. आता नाकाने सांगितलेलं डोळ्यांनी तपासायचं." बाईंनी जांभळ्या कोबीचं पाणी उचललं. आम्लात हे गुलाबी होतं, सोड्यात हिरवं. मुलांना मागच्याच आठवड्यापासून ठाऊक होतं. त्यांनी ते वास गेलेल्या बीकरमध्ये ओतलं.

बीकर गुलाबी झाला.

लख्ख गुलाबी. उन्हात धरावा तसा. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांना आधी वाटलं, कोबीचं पाणी बिघडलं. मग त्यांना कळलं. हे लिंबूसत्व. याच्यात व्हॅनिलाचा वास तसाच आहे. आत्ता, या क्षणी, या खोलीत तो भरून राहिलाय, आणि ही सगळी मुलं त्यात बसून मला सांगताहेत की वास गेला.

"तुम्हाला..." त्यांनी कोबीचं पाणी खाली ठेवलं. "तुम्हाला वास येत होता?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली.

"खरं सांगा."

"येत होता, बाई," पणबाई म्हणाली.

"मग गेला का म्हणालीस?"

"तुम्ही म्हणालात म्हणून." ती खाली बघत होती. "मला वाटलं माझंच नाक बिघडलंय."

"मलाही वाटलं, मलाच येतोय," दुसरं कुणीतरी म्हणालं. मग सगळीकडून कुजबुज उठली. मलाही. मलाही. प्रत्येकाला वाटलं होतं आपण एकटेच.

बाईंनी टेबलाची कड धरली. बोलायला हवं होतं. आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून तो धिप्पाड मुलगा ओरडला, "कळलं! बाई, तुम्ही मुद्दाम केलंत! आमची परीक्षा घेतलीत!"

वर्गाने एकदम श्वास सोडला. "हो रे! परीक्षा होती!" "बाई, काय भारी फसवलंत!" चेहरे उजळले. कुणी टाळ्या सुरू केल्या.

बाईंसमोर दार उघडं होतं. आत पाऊल टाकायचा अवकाश.

"हो," त्या म्हणाल्या. "परीक्षाच होती."

टाळ्या वाढल्या. तास संपल्यावर पणबाई टेबलापाशी रेंगाळली. तिचे डोळे ओलसर होते, पण ती हसत होती. "बरं झालं बाई, परीक्षा होती. मी घाबरले होते. म्हटलं, तुम्हाला येत नाही आणि मला येतोय, म्हणजे मलाच काहीतरी झालंय." आणि ती उड्या मारत गेली.

मामा बीकर धुवायला आले. त्यांनी गुलाबी पाण्याकडे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं, मग बाईंकडे. आणि गॅसचे नळ एकेक करून तपासले, सगळे, जरी आज गॅस कुणी लावलाच नव्हता.

घरी आल्यावर बाई न बोलता मोरीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा ताई दारातच भाजीची चाळणी घेऊन बसलेल्या. नवरा खाली दुकानात. बाईंनी सवयीने विचारलं, विचारणाऱ्या माणसाला उत्तर नको असतं तशा स्वरात, "ताई, मला वास येतोय का?"

"येतो."

बाई जागच्या जागी थांबल्या.

"साबणाचा," ताई म्हणाल्या. "इतका साबण, की शेजारी बसलं तर माझे डोळे चुरचुरतात. कपडे कमी आणि तुला जास्त धुतो आपण या घरात."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मला विचारलंस कधी? तू रोज त्याला विचारतेस. तो नाहीच म्हणणार. तुझं तोंड बघून उत्तर देतो तो. बिचाऱ्याला तुला रडवायचं नसतं." ताईंनी एक शेंग मोडली. "मला रडवायची काही अडचण नाही."

बाई हसल्या. हसता हसता जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि मग त्यांना हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. ताईंनी चाळणी बाजूला ठेवली, पण जवळ आल्या नाहीत. बाईंनी त्यांना वर्गातलं सगळं सांगितलं. मुलं कशी म्हणाली, टाळ्या कशा पडल्या.

"ताई, मी आयुष्यभर त्यांना सांगत आले, पुस्तकावर नको, आधी स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवा. आणि एकाही पोराने ठेवला नाही. माझ्या तोंडाकडे बघून सगळ्यांनी नाक मिटलं."

"लेबल नको म्हणतेस ना तू बीकरला?" ताई म्हणाल्या. "मग तुझं तोंड काय होतं?"

वाफेचा आवाज खालून येत होता. बाई म्हणाल्या, "वडिलांच्या कपड्यांना टर्पेंटाइनचा वास यायचा, हे मला ठाऊक आहे. पण तो कसा होता, ते आता आठवत नाही. वाक्य उरलंय नुसतं."

ताईंनी चाळणी पुन्हा जवळ ओढली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी बाई मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. मुख्याध्यापिका आणि त्या एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या. चारचौघांत अहो-जाहो, एकट्या असताना अगं-तुगं. बाईंनी न बसताच सांगितलं. ताप, नाक, उघडा राहिलेला नळ, कालचा तास. नळाचं सांगताना मुख्याध्यापिकेने पेन खाली ठेवलं.

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"आणि तू इतके दिवस मुलांना घेऊन त्या खोलीत उभी होतीस."

"हो."

बाहेर घंटेच्या आधीचा गलका होता. मग मुख्याध्यापिका हळू आवाजात म्हणाली, "हे बघ, तुझी शेवटची काही वर्षं उरलीत. मामांना मी सांगते, तुझ्या तासाला हलायचं नाही म्हणून. बाकी हे आपल्या दोघींत राहू दे. मी काही ऐकलं नाही."

काल वर्गात जे दार उघडलं होतं, तेच इथेही कुणीतरी प्रेमाने उघडून धरलं होतं.

"नको," बाई म्हणाल्या. "सगळे माझ्या बाबतीत हेच करताहेत. तू तरी ऐक."

मुख्याध्यापिकेने चष्मा काढून डोळे पुसले, आणि पुन्हा लावला तेव्हा ती मोठ्या बाई झाली होती. "मग प्रयोगशाळा तुमच्याकडे राहणार नाही. प्रात्यक्षिकं भौतिकशास्त्राचे सर घेतील. तुम्ही वर्गात शिकवा. ज्योत नाही, गॅस नाही."

"बरं."

"घरून पिशवीतून काय आणता ते आणा. पण आधी मला दाखवायचं."

"बरं."

किल्ली त्यांनी तिथेच टेबलावर ठेवली. ती काढताना वेळ लागला; घरच्या किल्ल्यांच्या कडीत अडकून बसली होती, आणि मुख्याध्यापिकेने मदत करायला हात पुढे केला तो बाईंनी नको म्हटला.

भौतिकशास्त्राचे सर तरुण, घाईगर्दीचे. त्यांनी त्याच दुपारी प्रयोगशाळेत सगळ्या बाटल्यांना लेबलं लावून घेतली. मामांनी बाईंना हे दारात गाठून सांगितलं, तक्रारीच्या सुरात. बाई म्हणाल्या, "योग्यच आहे मामा." आणि पुढे झाल्या.

वर्ग साधाच. बाक, फळा, दोन खिडक्या. मुलं प्रयोगशाळेऐवजी इथे का बसवलं म्हणून चुळबुळत होती. बाई आल्या. दारात थबकल्या नाहीत. टेबलापाशी जाऊन त्यांनी सांगितलं, कालच्यापेक्षा कमी शब्दांत, कारण घरी आणि मोठ्या बाईंपुढे सांगून ते घासून गुळगुळीत झालं होतं. मला वास येत नाही. बऱ्याच महिन्यांपासून. काल मी ओळखलं नव्हतं, घोकलेलं होतं, आणि घोकलेलं चुकलं.

पहिल्या बाकावर कुणीतरी वही मिटली.

"म्हणजे संत्रं?" मागून कुणीतरी विचारलं.

"सालं दिसत होती."

"म्हणजे काल परीक्षा नव्हती?" हा पणबाईचा आवाज.

"नव्हती."

"मग तुम्ही खोटं बोललात."

"हो."

ती माफ केल्यासारखं हसली नाही. तिने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं, आणि बाईंना वाटलं, हे मात्र मला कुणी परत देणार नाही. त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन ग्लास काढले, दोन पुड्या, व्हॅनिलाची कुपी. आणि पणबाईला नाही, तिच्या शेजारच्या मुलीला बोलावलं.

"दोन्ही पुड्या पांढऱ्या आहेत, एक लिंबूसत्व, एक सोडा. मला दिसणार नाही अशा तऱ्हेने कुठलीही कुठल्याही ग्लासात टाक. ढवळ. थेंब टाक. आणि फिरवा. कशात वास राहिला ते तुम्ही ठरवा. कोबीचं पाणी मी आज आणलेलं नाही."

"मग बरोबर कोण हे कसं कळणार, बाई?"

"तेच ठरवायचंय."

पहिला ग्लास पहिल्या बाकावर गेला. कडेच्या एका मुलीने हवा ओढली, आणि ओठ हलायच्या आधी तिची नजर वर आली, बाईंच्या चेहऱ्यावर. शेजारच्याची आली. मागच्याचीही आली. सगळा वर्ग नकळत त्यांच्या भुवयांकडे, ओठांच्या कोपऱ्यांकडे बघत होता. बाईंनी चेहरा कोरा ठेवायचा प्रयत्न केला, आणि त्यांच्या ध्यानात आलं, इतकी वर्षं शिकवत आलेल्या चेहऱ्याला कोरं राहता येत नाही.

त्या वळल्या. मुलांकडे पाठ केली आणि फळ्याला तोंड करून उभ्या राहिल्या. नाकासमोर काळा फळा, त्याच्यावर पुसून उरलेली खडूची धूळ.

मागे आधी नुसतं हुंगणं ऐकू आलं. मग ग्लास बाकावर ठेवल्याचा आवाज.

"आहे."

"नाहीये रे."

"अरे आहे! नीट घे. असा हाताने घे, नाक नको घालू."

"तुला सगळीकडेच केक दिसतो, जाड्या."

"दुसरा आण इकडे. दुसरा आण!"

"याच्यात नाही. शप्पथ याच्यात नाही."

"थोडा आहे."

"थोडा म्हणजे? आहे का नाही ते सांग ना!"

"मला दे," पणबाई म्हणाली. बाक सरकला. दोन लांब श्वास ऐकू आले. "पहिल्यात आहे. दुसऱ्यात नाही."

"मी नाही मानत."

"नको मानू. मला येतोय."

आवाज चढत गेले. बाक सरकले, कुणी कुणाला ढकललं, कुणी ओरडलं की सांडेल. शेजारच्या वर्गातून भिंतीवर टकटक झाली. कुणीतरी वैतागून हाक मारली, "बाई, हे ऐकत नाहीयेत! तुम्ही वळा ना इकडे!"

"पटलं का सगळ्यांना?" बाईंनी फळ्याकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"नाही!"

"मग चालू द्या," त्या म्हणाल्या, आणि वळल्या नाहीत.